गोडबोल्याचा तिसरा स्वाध्याय

गोडबोल्या खोटं बोलत नसे. त्याला फक्त वाईट बातमी सांगता येत नसे. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बॅग सांभाळत डॉक्टरांच्या दाराबाहेर हयात गेली, त्यामुळे या दोन गोष्टींतला फरक त्याचा त्यालाच कळेनासा झाला होता. कंपनीने त्याला काढून टाकलं, तेसुद्धा त्याने बायकोला 'मला मोकळं केलंय' अशा थाटात सांगितलं.

बायकोने हे मोकळेपण काही महिने सोसलं, मग त्याच्या नोकरीसाठी धाकट्या बहिणीला गळ घातली. ही मेहुणी वैद्यकीय लेखन करून देणाऱ्या कंपनीत संपादक. चाचण्यांचे अहवाल, रुग्णांसाठी माहितीपत्रकं, असलं सगळं तिथे लिहिलं जाई. नवशिक्यांना ती तीन स्वाध्याय देई. पहिल्या दोहोंत चुका दाखवी आणि तिसऱ्यावर निकाल लावी. नात्याची सवलत मिळणार नाही, हे तिने आधीच बजावलं.

पहिल्यात डॉक्टरी भाषा सोपी करायची होती. 'गुंगी येऊ शकते' याचं गोडबोल्याने 'काही भाग्यवंतांना निवांत झोपेची गोडी लागते' असं करून टाकलं. दुसऱ्यात दुष्परिणाम लिहायचे होते. ते त्याने पानाच्या तळाशी, मुंगीलाही चष्मा लागावा इतक्या बारीक अक्षरांत नेऊन बसवले. मेहुणीने दोन्हींवर लाल शाई ओतली आणि तिसऱ्यासोबत निरोप धाडला, की भाऊजी, विकू नका, सांगा.

तिसरा होता गुडघेदुखीच्या जेलच्या चाचणीचा. निम्म्या लोकांनी औषधाचं जेल चोळलं होतं, निम्म्यांनी बिनऔषधाचं. दोन्हीकडचे गुडघे सारखेच सुधारले. म्हणजे औषधाने काही दिवे लावले नव्हते. तेवढंच एका पानात सांगायचं. गोडबोल्याने लिहिलं, की जेल चोळणाऱ्या बहुतेकांना आराम पडला, जिने चढणं सोपं झालं. एक शब्द खोटा नव्हता. उरलेले निम्मे तेवढे त्याने जागेअभावी गाळले. मग पान जेवणाच्या टेबलावर ठेवून स्वारी गुणगुणत अंघोळीला गेली.

बाहेर येऊन बघतो, तर मुलीकडे राहायला आलेल्या सासूबाई तेच पान वाचतायत. त्यांचे गुडघे असे, की त्या खुर्चीतून उठल्या हे शेजारच्यांनाही कळे. त्यांनी पान पुन्हा वाचलं आणि संध्याकाळपर्यंत हे जेल घरात पाहिजे, असं फर्मान काढलं. गोडबोल्याने ते अजून दुकानात नाही म्हणून सांगितलं, वासाचं कारण पुढे केलं, कातडी कशी नाजूक असते तेही समजावलं. सासूबाई हटेनात. आईसाठी एवढंही होत नाही का, असा स्वयंपाकघरातून बायकोचा टोला आला. माणूस पुरता कात्रीत सापडला.

"आई, त्याचा काही उपयोग नाही," तो शेवटी म्हणाला. "निम्म्या लोकांना औषधाचं दिलं, निम्म्यांना नुसतंच. सगळ्यांना सारखाच फरक पडला. औषधाने काही केलं नाही."

"मग तसं लिहिलं का नाहीत?"

"तसं लिहिलं तर घेईल कोण?"

"कशाला घ्यावं कुणी?" सासूबाईंनी चष्मा काढला. "आणि जावईबापू, इतकी वर्षं सांधे मोकळे होतात म्हणून मला औषधाच्या बाटल्या आणून पाजल्यात, त्यातले उरलेले निम्मे कुठायत?"

 दुपारी त्याने जुनं पान फाडलं, सासूबाईंना सांगितलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवली आणि पाठवून दिली. सासूबाईंनी तोवर बॅग भरली होती. त्या तडक धाकटीकडे गेल्या आणि बाटल्यांचं पुराण तिखटमीठ न लावता तिच्या कानी घातलं. ते लावायची गरजच नव्हती.

रात्री मेहुणीचा फोन आला. पान छान झालंय म्हणाली, म्हणूनच ते त्यानेच लिहिलंय का, अशी तिला शंका आली होती. "भाऊजी, आई त्या बाटल्यांचं सांगतेय ते कितपत खरं आहे?"

गोडबोल्याच्या जिभेवर तीन गुळगुळीत उत्तरं तयार होती. शेजारी बायको कान देऊन उभी होती. त्याने तिन्ही गिळून टाकली.

"सगळं," तो म्हणाला. "त्या कशाच्या होत्या, ते मी कधी विचारलंच नाही."

 मग मेहुणी म्हणाली, "सोमवारी या कामावर. आणि त्याआधी आईला घेऊन जा, ती माझी औषधं तपासत बसलीय."