डावीकडची जोडीदारीण

मला एका जागी बसवत नाही, पायाला भिंगरीच आहे. आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये मला काम काय मिळावं, तर वाकून, बोटं जमिनीला टेकवून चेंडू हलेपर्यंत गप्प थांबायचं! समोरून कोणी ओरडलं की मी सुटलेच. मग शिट्टी आणि दंड. शिकवणारे सर म्हणायचे, कानांनी निघू नकोस, चेंडू बघ.

शहराबाहेर हुडकेश्वरच्या पुढे, अजून घरं न झालेल्या एका ले-आउटमध्ये मोकळं मैदान होतं. रोज सकाळी माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघी तिथे जायचो, मी आणि माझी कबड्डीतली जोडीदारीण. कबड्डीत आम्ही वर्षानुवर्षं हात धरून खेळलो. चढाईवाली आत आली की आमची साखळी तिला घेरायची. इथे सगळंच उलटं. चेंडू फेकणारी मागे, तिच्यापुढे धिप्पाड पोरींची भिंत, आणि तिने चेंडू फेकायच्या आत भिंत फोडून तिला पाडायचं. पहिलं पाऊल लांब टाका, समोरचीचे हात छातीला लागायच्या आत झटका, खांदा पाडून तिच्या काखेखालून निघा. डोक्यात सगळं शिरलं होतं हो. पण चेंडू हलला की माझा डावा हात आपोआप जोडीदारणीचा हात धरायचा आणि दोघी मातीत. सरांनी कपाळावर हात मारला, पोरी हसल्या. हेल्मेट तिथेच टाकून घरी जावं इतका राग आला मला.

मग घरी दाराच्या पडद्याला झटके मारत सुटले. पडद्यानं तुझं काय घोडं मारलं, असं सासूबाईंनी विचारलंसुद्धा.

बाहेरगावच्या स्पर्धेसाठी भिंत फोडणाऱ्यांच्या लाइनमध्ये एकच जागा उरली. मी नाहीतर माझी जोडीदारीण. निवडीच्या सामन्यात शेवटच्या डावाला ती कानाशी म्हणाली, "मी अंदर घुसते. तू माह्या मागून फिर."

ती घुसली. दोन पोरी तिच्या अंगावर आल्या, तिने दोघींनाही अडकवून ठेवलं. वाट मोकळी झाली. या वेळी माझा हात तिच्याकडे गेला नाही. मी मागून फिरले आणि चेंडू फेकणारीला आडवं केलं.

सरांचं लक्ष चेंडूवर होतं. त्यांना पाडणारी दिसली. त्यांनी माझं नाव पुकारलं. जोडीदारीण मातीत बसून खांदा चोळत माझ्याकडे बघत होती. सर, वाट हिने केली, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मला जायचं होतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

परतताना ती स्कूटीवर मागे बसली होती. घराजवळ उतरल्यावर म्हणाली, "तू सरांले सांगशील असं वाटलं होतं मले."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

"उद्या काहून वं? सर आज होते ना."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, त्यानंतरही नाही. मीही सांगितलं नाही.

आता माझ्यामुळे दंड बसत नाही. सर सगळ्यांना सांगतात, बघा, किती स्थिर झाली ही. कसली स्थिर! खाली वाकले की सरांना सांगायचं ते वाक्य ओठांवर येतं, समोरचं ओरडणं ऐकूच येत नाही. तेवढ्यात चेंडू हलतो आणि मी निघते.