आमचा खांब

माझी भाची उंच, म्हणून घरात तिला सगळे खांब म्हणतात. कॉलेजजवळच्या डान्स क्लबच्या दारात ती बाउन्सर होती. "बाईमाणूस काय अडवणार?" असं म्हणत नव्या मालकाने तिला काढलं आणि तिच्या जागी पहिलवान ठेवला.

शनिवारी मुली दारापर्यंत यायच्या, "ताई नाहीत?" विचारायच्या आणि नदीपलीकडच्या क्लबकडे वळायच्या. शेवटी मालकाचा फोन आला. तेव्हा आमचा खांब माझ्याकडे झुरळाच्या भीतीने स्टुलावर चढला होता.

"ताई, लगेच या हो!"

"येते. आधी मावशीला झुरळ मारू द्या."

मी झुरळ मारलं आणि कौतुकाने तिच्याबरोबर गेले. बाहेर घुटमळणाऱ्या पोरी ओरडल्या, "ताई आल्या!" मग रांगेतल्या प्रत्येकीला मी सांगत सुटले, "माझी भाची बरं का!"