सगळ्या गावाच्या पोटाचा घोर

हुबळी-धारवाडातल्या निम्म्या माणसांची नावं माझ्या बायकोच्या मामांना आठवत नसत, पण त्यांची पोटं मात्र त्यांना तोंडपाठ होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. बाजारात कुणी नमस्कार केला की मामा क्षणभर कोऱ्या नजरेनं बघत राहायचे, आणि मग एकदम चेहरा उजळून ओरडायचे, "अरे, तुम्ही ते करपट ढेकरवाले! काय म्हणतात ढेकरा?" आमच्या भागात दोन माणसं भेटली की "ऊट आत?" म्हणजे "जेवण झालं का?" असं विचारायची रीत आहे. मामांना हा प्रश्न अर्धवट वाटायचा. "जेवण झालं का, हे काय विचारणं झालं? तोंडात घातलं की झालं जेवण! पुढचं विचारा की ओ, पुढचं!" असं म्हणून ते स्वतः पुढचं विचारायचे. भर रस्त्यात, खणखणीत आवाजात, समोरच्याचा हात हातात धरून. उत्तर मिळाल्याशिवाय तो हात सुटत नसे.

मामा धारवाडला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. तीस वर्षं कालव्यांच्या फायली हाताळल्यामुळे माणसाचं शरीर म्हणजे एक लांबलचक कालवा आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. "वरून पाणी सोडत राहायचं आणि खालचं दार बंद! मग बांध फुटणार नाही तर काय होणार?" हे वाक्य त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं ते माझ्या लग्नाच्या बोलणीत. मी गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. मुलीकडच्या बाकीच्या मंडळींनी पगार विचारला, नोकरी कायमची आहे का ते विचारलं. मामा इतका वेळ कोपऱ्यात शांत बसले होते. पोहे संपल्यावर ते पुढे सरकले आणि म्हणाले, "ते सगळं असू दे. पोट रोज साफ होतं का?" माझ्या वडिलांना चहाचा ठसका लागला. नवरी मुलगी पदर तोंडाला लावून आत पळाली. मी कसंबसं "हो" म्हटलं. "जोर करावा लागत नाही ना?" "नाही." मामांनी मांडीवर थाप मारली आणि जाहीर केलं, "मुलगा पसंत आहे!" आमची पत्रिका जुळत नव्हती असं मला नंतर कळलं, पण मामांच्या त्या थापेपुढे गुरुजींचं काही चाललं नाही.

लग्नानंतर मामांबरोबर बसमधून जायचा प्रसंग आला की मी शक्यतो मागच्या सीटवर बसून अनोळखी असल्यासारखा खिडकीबाहेर बघायचो. त्याचा काही उपयोग नसे. एकदा धारवाडहून हुबळीला येताना त्यांच्याच ऑफिसमधला एक कारकून समोर उभा राहिला. सीट रिकामी होती, तरी बसेना. मामांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "मूळव्याध आहे काय रे? किती दिवस लपवलास?" तो बिचारा लाल झाला. दोन वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं म्हणे. "लाज कसली? बूड सगळ्यांनाच आहे! कोमट पाण्याच्या टबात बस, पालेभाजी खा, पाणी पी, आणि कुंथत बसू नकोस. रक्त पडतंय?" त्यानं मान हलवली. "मग मामाकडं नाही, डॉक्टरकडं जायचं! मूळव्याधच असेल असं आपल्याआपण ठरवायचं नाही. उद्याच रजा टाक, अर्ज मी लिहितो." एवढ्यात कंडक्टर तिकिटं फाडायची थांबून जवळ आला. "अण्णा, नंगू हंग आक्कैत्री," म्हणजे मलापण तसंच होतंय, असं म्हणत तो छातीवर हात चोळायला लागला. तसंच म्हणजे मूळव्याध नव्हे, जळजळ. ड्यूटीपायी अवेळी खायचं आणि खाल्ल्याबरोबर आडवं व्हायचं, हे त्याचं रोजचं. मामांनी त्याला जेवण आणि झोप यांच्यामध्ये दोन-तीन तास सोडायला सांगितलं आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितल्या. मग पुढच्या सीटवरच्या बाईंचे गॅस निघाले, त्यांच्या पलीकडच्या आजोबांची इसबगोलाची तक्रार निघाली. ते पाण्याशिवाय कोरडंच फाकत होते, त्यावर मामांनी अक्षरशः डोक्याला हात लावला. हुबळी कधी आली कळलंसुद्धा नाही, आणि खरं सांगतो, माझा थांबा निघून गेला तरी मी उतरलो नाही. इतकी रंगलेली बस मी पुन्हा पाहिली नाही.

पण हा माणूस नुसता बोलघेवडा नव्हता. आमच्या शेजारच्या घरात वर्षाच्या नातवाला जुलाब लागले, तेव्हा त्याच्या आजीनं पाणी बंद केलं होतं. पाणी दिलं की आणखी होतंय, हा तिचा हिशेब. मामा आमच्याकडे जेवायला आले होते. भिंतीपलीकडून रडणं ऐकून ते ताटावरून उठले, हात न धुता त्या घरात शिरले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन तिथं हात धुतले. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव घेतली आणि म्हणाले, "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको." मग वाटी घेऊन ते चमच्या-चमच्यानं त्या पोराला पाजत बसले, ते संध्याकाळ होईपर्यंत. ओकलं की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू. अधूनमधून त्याच्या आईला विचारायचे, "शू झाली का?" पोरानं त्यांच्या धोतरावरच शू केली तेव्हा मामांना झालेला आनंद मी कुणाला बढती मिळाल्यावरही बघितलेला नाही. "झाली! झाली!" करत ते भिजलेलं धोतर गल्लीभर दाखवत फिरले.

एवढ्या शहाण्या माणसाचं एकाच गोष्टीत डोकं चालायचं नाही. ती गोष्ट म्हणजे मिरची. ब्याडगीची लाल मिरची जिथं पोत्यांनी उतरते त्या मुलुखात मामांच्या घरी आमटी पिवळी असायची, भाजी हिरवी असायची, लाल रंग फक्त मामींच्या कपाळावर. आणि या गोष्टीला हसायची सोय नव्हती, कारण तिच्यामागे एक मरण होतं. मामांचे थोरले भाऊ, अण्णा, जुन्या हुबळीत राहायचे. भावाला पोटात दुखायचं, वरचेवर दुखायचं, आणि एके दिवशी आतला व्रण फुटून दोन दिवसांत ते गेले. त्यांना रंजका फार आवडायचा, ओल्या लाल मिरचीचा ठेचा, लिंबू पिळलेला. तो मामांच्या वहिनी करायच्या, आणि सगळ्या नात्यात त्यांच्या हाताची ख्याती होती. तेराव्याला मांडवभर माणसांसमोर मामा बोलून गेले, "वैनी, तुमच्या रंजक्यानं माझ्या भावाचं पोट जाळलं." मामांनी त्यानंतर भावजयीला काही कमी पडू दिलं नाही. सणाला लुगडं, पावसाआधी कौलं, दुखलंखुपलं तर डॉक्टर. पण बावीस वर्षं त्या घरात त्यांनी घासभर अन्न घेतलं नाही. दारात उभे राहायचे, चौकशी करायचे आणि निघायचे. माझ्या बायकोला त्याचा फार त्रास व्हायचा. मी एकदा विषय काढला, तर माझ्याशी तोंड भरून बोलणारे मामा म्हणाले, "साकु, पुरे, जावईबापू. तेवढं सोडून बोला."

मग एक दिवस मामा आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि मला काहीच विचारलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाणी पिऊन झालं. बायकोनं स्वयंपाकघरातून मला खुणेनं आत बोलावलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मामांनी विचारलं नाही," ती म्हणाली. आम्ही बाहेर येऊन बघतो तर मामा पांढरेफटक, कपाळावर घाम, धोतराची गाठ ढिली झालेली. तिनं गुडघ्यांवर बसून विचारलं, "मामा, तुमचं कसं आहे?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते खाली बघत हळूच बोलले, "चार दिवस काळं होतंय गं. डांबरासारखं." काळं म्हणजे आत रक्त जातंय, हे याच माणसानं आम्हाला शिकवलं होतं. रिकाम्या पोटी दुखणं वर्षभराचं होतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या रोज दोन, तेही रिकाम्या पोटी, वर्षभर चालू होत्या. सगळ्या गावाची उलटतपासणी घेणारा माणूस, आणि स्वतःचं मामींनासुद्धा सांगितलं नव्हतं! मला इतका राग आला की रिक्षात मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसलो. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

दवाखान्यात रक्ताच्या दोन बाटल्या चढल्यावर मामा पुन्हा मामा झाले. दुर्बीण घालून पोटाच्या आत बघणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांचे डोळे लकाकले. "आत? खरोखर आत? टीव्हीवर दिसतं म्हणता?" जन्मभर ज्याच्या गोष्टी सांगितल्या ते आता प्रत्यक्ष दिसणार होतं! घशात औषधाचा फवारा मारल्यामुळे बोलता येईना, तर हातवारे करून त्यांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. नळी आत गेली. गुलाबी, ओली, घड्यांची ती भिंत दिसली आणि मामांनी मला अंगठा वर करून दाखवला. मग पडद्यावर पांढुरका खड्डा आला, रुपयाएवढा. अंगठा हळूहळू खाली गेला. डॉक्टरांनी तिथले बारीक तुकडे तपासायला घेतले. कॅन्सर नाही ना, हे बघायला. अहवालाला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात मामी देवासमोरून उठल्या नाहीत, आणि मामा वॉर्डातल्या अकरा पेशंटांची पोटं तपासून मोकळे झाले. भीती वाटली की ते जास्त बोलायचे, हे मला तेव्हा कळलं.

अहवाल आला. कॅन्सर नव्हता! मी तिथल्या तिथं मामींना वाकून नमस्कार केला, का ते मलाच माहीत नाही. डॉक्टर तरुण होते, धारवाडचेच. त्यांनी समजावलं की पोटात एक जंतू सापडलाय, तो बहुतेक लहानपणीच शिरतो, एका घरातल्या बऱ्याच जणांत असतो आणि पुष्कळांना आयुष्यभर काही करत नाही. काहींना मात्र व्रण करतो. त्यात गुडघ्याच्या गोळ्यांनी भर घातली. दोन आठवडे जंतूची औषधं, त्या गोळ्या कायमच्या बंद, मग जंतू गेला का ते पुन्हा तपासायचं. मामांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि तिखट?" डॉक्टर हसले. "तिखटानं चुरचुरेल. पण खड्डा पाडत नाही ते. मेणसिनकायीदु एनू तप्पिल्री." मिरचीचा काही दोष नाही हो. मामांनी मग भावाचं सगळं सांगितलं. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "त्यांना नेमकं काय झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण मिरचीनं पोट फुटत नाही, एवढं नक्की."

कॅन्सर नाही म्हणून नाचायला हवं होतं. मामा मात्र वॉर्डातल्या कुणाचं पोट न विचारता बाहेर पडले. घरी न्यायला मी रिक्षा आणली तर त्यात बसून म्हणाले, "जुनी हुबळी."

वहिनी दारातच तांदूळ निवडत होत्या. सत्तरी उलटलेली, डोळ्यांना जाड भिंगं. मामा यावेळी दारात थांबले नाहीत. आत गेले, जमिनीवर बसले आणि शाळेतल्या पोरानं पाठ म्हणावं तसं सगळं सांगितलं. जंतू, गोळ्या, दुर्बीण, डॉक्टर. शेवटी म्हणाले, "वैनी, तिखटानं नव्हतं झालं. मी चुकीचं बोललो. सगळ्यांसमोर बोललो."

वहिनींच्या हातातलं सूप खाली आलं. "खरं सांगताय भाऊजी? माझ्या हातानं नव्हे?"

"नव्हे."

"मी रोज म्हणत होते, मीच घातलं. मीच वाढलं त्यांना." त्या पदरात तोंड घालून रडल्या. मामा रडले. मी दोन पावलं मागे सरकलो आणि मलाही आवरलं नाही. बावीस वर्षं ही बाई स्वतःला गुन्हेगार समजून जगली, आणि ते एका प्रेमळ माणसाच्या एका वाक्यानं! या दोघांपैकी कुणावर रागवावं ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग मामा म्हणाले, "वैनी, भूक लागली."

घरात मिरची नव्हती. तेराव्याच्या त्या दिवसापासून आणलीच नव्हती. मऊ भात होता, साधं वरण होतं. वहिनींनी वाढलं आणि समोर बसल्या. मामांनी पहिला घास घेतला, चावला, आणि सवयीनं बोलून गेले, "मीठ कमी आहे वैनी." मला वाटलं, आता काय करावं या माणसाचं! पण वहिनी हसल्या. उठून मीठ आणलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

"तुमचे अण्णापण रोज असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या.

मामांनी मान खाली घातली आणि ते जेवत राहिले.