अडीच किलोला तीन ग्रॅम कमी

हात वजन ओळखतो की आठवतो? या प्रश्नाचे उत्तर हे टिपण लिहिणाऱ्याला मिळालेले नाही. ज्याला ते ठाऊक असायला हवे, तो काटेवाला असे काही विचारले की चष्मा पुसायला घेतो, आणि चष्मा पुसून झाला की विचारणाऱ्याचे वजन सांगून विषय बदलतो.

काटेवाला म्हणजे तराजू दुरुस्त करणारा. गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान, मागे लहानसे अंगण आणि वर राहते घर. दुकान वडिलांनी थाटलेले. चाळीस वर्षे त्याने कलते काटे सरळ केले आणि झिजलेली वजने पुन्हा पुरी केली. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक भोक असते. त्यात वितळलेले शिसे ओतायचे, वजन नेमके झाले की त्या शिशावर ठसा मारायचा. वजन किती कमी भरते हे तो आधी हाताने सांगे आणि मग केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी काट्यावर ठेवी. ही विद्या घरात मात्र अंगाशी आली. स्वतःच्या लग्नात थोरल्या मेहुण्याने त्याला प्रेमाने कवेत घेऊन उचलले, तेव्हा याने उलट त्यालाच उचलून पाहिले आणि चारचौघांत "ब्याऐंशी" असे जाहीर केले. मेहुणा आजही एकोणऐंशीवर ठाम आहे. बायको म्हणे, काटेवाल्याशी संसार मांडल्यावर टोचले म्हणून ओरडायची सोय राहत नाही.

२००८ साली अंगणातली पाण्याची नळी फुटली. नळवाल्याने जमीन उकरली तेव्हा हातभर खाली त्याची कुदळ कशावर तरी खणकन आदळली. निघाला तो काळपट, तांबूस पापुद्रे धरलेला एक ओबडधोबड गोळा. ओल्या मातीत कुणी अंगठे दाबावेत तसे त्याच्यावर खळगे. नळवाल्याने तो दोन्ही हातांनी कसाबसा वर दिला. काटेवाल्याने एका हातात घेतला, सवयीने जरासा झेलला आणि "अडीच" म्हणाला. बायको जिन्यावर उभी होती. तिने ते ऐकले, पण त्या वेळी कुणाचेच तिकडे लक्ष नव्हते, कारण नळवाल्याने तेवढ्यात आपले मत दिले होते.

ते मत असे, की हा दगड आभाळातून पडलेला आहे. पुरावा म्हणून त्याने महिन्यामागच्या एका संध्याकाळचा दाखला दिला. त्या संध्याकाळी आकाशात एक तेजस्वी रेघ ओढली गेली होती, हे खरे. गल्लीतल्या प्रत्येकाने ती पाहिली होती आणि प्रत्येकाने ती वेगळ्या दिशेला जाताना पाहिली होती. महिन्याभरात पडलेला दगड हातभर जमिनीखाली आणि वर गवत शाबूत, हे कसे, असा प्रश्न कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात दगड बघायला येऊ लागले. एकाने तो अजून गरम आहे का, असे विचारले. दुसऱ्याने तो गरम असल्याचे हात लावून सांगितले. आठवड्याभरात काटेवाल्याचा आभाळवाला झाला.

काटेवाला एरवी अशा गोष्टींना भुलणारा नव्हे. पण शाळेच्या मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला, की दगड खरोखर उल्का असेल तर शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवू, खाली शोधणाऱ्याच्या पूर्ण नावाची पट्टी लावू. आणि तिथे गडी विरघळला. त्या शाळेत त्याचे नाव आजवर एकदाच लागले होते: सातवीच्या नापासांच्या यादीत, सही-शिक्क्यानिशी, फळ्यावर आठ दिवस. त्यानंतर तो शाळेत गेला तो प्रयोगशाळेचा काटा दुरुस्त करायला, आणि तोही मागच्या दाराने. कपाट मात्र पुढच्या दाराशी होते. त्यात बाटलीतला एक विंचू, एक मोठा शंख आणि "ज्वालामुखीची राख" असे लिहिलेली डबी होती; ही डबी दर वर्षी थोडी अधिक भरत असे. तिच्या शेजारी आपले नाव लागावे, याहून मोठी इच्छा काटेवाल्याने त्या वर्षी धरली नाही.

परीक्षेसाठी शाळेतून विज्ञानाच्या बाई आल्या. तिशीच्या, अत्यंत उत्साही आणि तितक्याच प्रामाणिक. दुकानाच्या मेजावर त्यांनी चुंबक, कानस आणि भिंतीला लावायची एक फरशी मांडली. आभाळातल्या दगडांत बहुधा लोखंड असते, म्हणून चुंबक चिकटायला हवे. चिकटले. बुडाशी नखाएवढ्या एका जागी तेवढे निसटले; तिथे माती बसली असेल, असे बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. लोखंड गाळताना भट्टीत उरणाऱ्या मळीत बुडबुड्यांची छिद्रे असतात, उल्केत सहसा नसतात. इथे नव्हती. कानस मारल्यावर आतून धातू चमकला, तेव्हा नळवाल्याने बाईंकडे असे पाहिले, की जणू तो धातू त्यानेच आत ठेवला होता. मग बाईंनी दगड फरशीच्या खरखरीत पाठीवर घासला. तपकिरी रेघ उमटली. हा गंज, त्या म्हणाल्या. पण उल्कासुद्धा शंभर वर्षे जमिनीत राहिली तर गंजणारच. म्हणजे दगड पास झाला नव्हता आणि नापासही झाला नव्हता. खरा निकाल एकाच गोष्टीने लागणार होता: लोखंडी उल्केत निकेल असतेच. त्यासाठी दगडाची एक चकती कापून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी लागेल.

कापण्याला काटेवाल्याची हरकत नव्हती. हरकत एवढीच, की कापण्याआधी वजनाची नोंद व्हायला हवी, आणि ती बाईंच्या शाळेतल्या काट्यावर नव्हे. तो काटा त्यानेच तीनदा दुरुस्त केला होता, त्यामुळे त्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता. बाईंनी हसून ते काम त्याच्यावर सोपवले. इकडे मुख्याध्यापकांनी उतावीळपणे पट्टी छापून घेतली होती. नळवाल्यानेही तिच्यावर आपले नाव घालायला लावले, कारण कुदळ त्याची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काटेवाल्याने वडिलांचा दोन पारड्यांचा काटा बाहेर काढला, दार लावून वारा अडवला आणि वजन घेतले. दोन हजार चारशे सत्त्याण्णव ग्रॅम. त्याने वजने उलट पारड्यात घालून पुन्हा घेतले. तेवढेच.

दुसरा कुणी हा आकडा लिहून मोकळा झाला असता. काटेवाला तो घेऊन अर्धा तास बसून राहिला. ओलीत पडून राहिलेले अडीच किलोचे जुने वजन त्याच्याकडे येई तेव्हा बहुतेक वेळा असेच भरे. गंजाचे पापुद्रे गळतात आणि दोन-चार ग्रॅम मातीला मिळतात. अशी शेकडो वजने त्याने पुरी करून दिली होती. त्याच्या धंद्यात हा आकडा म्हणजे शेजाऱ्याचा चेहरा. त्याने दगड उलटा केला, चुंबक निसटले होते ती जागा शोधली आणि चाकूच्या टोकाने खरवडली. खाली शिसे होते. शिशावर ठसा होता: वडिलांचा, बरोबरीची लहानशी खूण.

मग सगळेच आठवले. साच्यातल्या वजनाचा आकार चहाडी करतो, असे वडील म्हणत. बघणाऱ्याला डोळ्यांनीच कळते, हात आळशी होतो. म्हणून त्यांनी ओतशाळेत सांडलेला लोखंडाचा एक बेढब गोळा आणला, शिसे भरून नेमका केला आणि त्याचे नाव ठेवले "अंदाज". सातवीत आपटलेल्या मुलाला दुकानात बसवल्यावर रोज सकाळी तो त्याच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, किती? मुलगा काहीतरी सांगे. वडील "नाही" म्हणत. बरोबर उत्तर त्यांनी कधीच सांगितले नाही. शाळेत निदान वर्षातून एकदाच नापास करत, इथे रोज. वर्षभराने मुलाने तो गोळा अंगणात पाण्याची नळी टाकायला खणलेल्या खड्ड्यात पुरला आणि हरवला म्हणून सांगितले. वडील रागावले नाहीत. पुढची वीस वर्षे ते गिऱ्हाइकांना फक्त एवढेच सांगत राहिले, की आमच्या चिरंजिवांचा अंदाज हरवला आहे.

बायको खाली आली तेव्हा तो दगडासमोर मांडी घालून बसला होता. त्याने सगळे सांगितले.

"म्हणजे आभाळातनं नाही आला?"

"नाही. बाबांकडनं आला."

तिने जरा विचार केला. ठसा एवढासा. पुन्हा त्यावर माती चोपडली तर कुणाच्या बापाला कळणार नाही, असे ती म्हणाली, आणि बाप हा शब्द तोंडातून गेल्यावर स्वतःच हसली.

"तीन ग्रॅमसाठी पट्टीवरचं नाव घालवणार तुम्ही?"

"एकेका ग्रॅमसाठी लोकांची वजनं ठसा न मारता परत केलीत मी. त्यांनाही घरी बायका होत्या."

 ती उठली, जिन्यापर्यंत गेली आणि वळली.

"अहो, पण त्या दिवशी अंगणात, नुसता हातात घेऊन, तुम्ही किती म्हणाला होतात?"

 काटेवाल्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

शाळेत तो दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराने गेला. मुख्याध्यापकांना त्याने सांगितले, की दगड उल्का नाही, वजन आहे, आणि ते आपणच पुरले होते. मुख्याध्यापकांना पहिले वाईट वाटले ते छापलेल्या पट्टीचे. कापायला अजून अवधी आहे, निकाल येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असे त्यांनी सुचवून पाहिले. नळवाल्याने आपले नाव तत्काळ मागे घेतले आणि आपल्याला पहिल्यापासून शंका होती, असेही सांगितले.  बाईंनी मात्र शिशाची जागा बोटाने चाचपली आणि चुंबक निसटले तेव्हा आपण माती म्हटले होते, हे स्वतःहून कबूल केले. मग त्यांनी विचारले, की खरवडण्याआधीच तुम्हाला संशय कसा आला?

"आभाळाला किलो ठाऊक नसतो, बाई."

बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतले. आपल्या पुस्तकात इतक्या कसोट्या आहेत, पण ही नाही, असे त्या म्हणाल्या, आणि मुख्याध्यापकांशी अर्धा तास वाद घालून त्यांनी दगड कपाटात ठेवायला लावला. मुलांना खरी उल्का दाखवणे शाळेला परवडणारे नव्हते. उल्का कशी नसते, हे दाखवता येत होते. नवी पट्टी हाताने लिहिली गेली: "ही उल्का नव्हे." खाली दोन ओळी, घडवणारा आणि ओळखणारा, आणि प्रत्येकीपुढे एकेक पूर्ण नाव. त्या कपाटातली संपूर्ण खरी अशी ती बहुधा पहिलीच पट्टी असावी. राखेच्या डबीबद्दल काटेवाल्याला विचारण्यात आले नाही, आणि त्यानेही आपणहून काही सांगितले नाही.

२०१७ साली शाळा नव्या इमारतीत गेली, तेव्हा सामानाच्या यादीसाठी कपाटातली प्रत्येक वस्तू इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवण्यात आली. दगडापुढे दोन किलो चारशे सत्त्याण्णव ग्रॅम अशी नोंद आहे.