हसायचा नियम

"चल, वर ये. तुझ्यावर फिशपॉन्ड पडलाय," मराठीच्या बाई माइकवरून म्हणाल्या. मी उड्या मारतच स्टेजवर गेले.

दहावीचं गॅदरिंग. शाळेतलं शेवटचं. समोर भरलेला हॉल, पहिल्या रांगेत फेटेवाले पाहुणे. बाईंनी चिठ्ठी उघडली आणि गोड आवाजात वाचली.

"बोर्डाचं टेन्शन आम्हाला. तुला काय? पस्तीस मिळव, बाकी सरकार बघेल."

सोबत भेटवस्तू होती. आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून केलेल्या दोन कुबड्या. काम सुबक. आमच्या झेंड्याचा निळा रंगसुद्धा दिला होता. हे आमच्यासाठी खास.

हॉल हसला. पाहुण्यांचे फेटे हलले.

फिशपॉन्डचा नियम असा. चिठ्ठी निनावी. कोणाचीही टिंगल करा. ज्याच्यावर पडेल त्याने वर यायचं, भेट घ्यायची आणि हसायचं. हसणं सक्तीचं. माझंही तोंड सवयीने उघडलं.

सवय होतीच. मी वर्गाची विदूषक. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उचलायचे. मी सकाळची बस पकडून धरमपेठेतल्या या मुलींच्या शाळेत यायची. त्या वर्षी सगळ्यांचे चेहरे परीक्षेने सुकलेले. मग डब्याच्या सुट्टीत मी धडे करून दाखवायची. फ्रेंच राज्यक्रांती मी हेडबाईंच्या आवाजात केली. राजाचं डोकं उडतंय आणि हेडबाई म्हणताहेत, "रांगेत, मुलींनो, रांगेत." पोरी बाकांवर लोळायच्या. डॉक्टरांची श्रुती म्हणायची, "तुझा धडा ऐकला की परत वाचावाच लागत नाही गं." माझा धडा घ्यायच्या. माझ्या डब्यातलं घ्यायच्या नाहीत.

श्रुतीने गॅदरिंगमध्ये नाच बसवला तर तो सर्वांगीण विकास. मी नाटकात उभी राहिले तर बाई विचारायच्या, "अभ्यासाकडे लक्ष आहे ना? तुम्हाला परवडणार नाही हे." प्रिलिमला इतिहासात मी श्रुतीच्या वर होते. गुन्हा तोच असावा.

तर स्टेजवर. तोंड उघडलं आणि मला आठवलं, चिठ्ठ्या आधी बाई वाचतात. मग निवडतात. मला पक्कं ठाऊक होतं, कारण हेडबाईंवरची एक झकास चिठ्ठी त्यांनी फाडली होती. ती माझीच होती.

"बाई, ही तुम्ही आधी वाचली होती?"

"अगं, गंमत आहे. हस ना."

"वाचली होती का?"

"खिलाडूपणा ठेव. हस बघू."

"नाही हासत मी."

माइक चालू होता. कुबड्या मी त्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, "तुमच्याकडेच राहू द्या. पसंत तुम्ही केल्या." आणि खाली उतरले. हॉल गार. खरं सांगते, इतक्या मोठ्या हॉलला मी एवढं गप्प कधीच केलं नव्हतं. मला मजा आली.

मजेची किंमत सोमवारी कळली. हेडबाईंचा हुकूम: प्रार्थनेला सगळ्यांसमोर बाईंची माफी, मगच हॉल तिकीट. आईला बोलावलं. ती कामावरची हजेरी बुडवून आली, हात जोडून म्हणाली, "मॅडम, लेकरू हाय. चुकलं." हेडबाईंनी वर पाहिलंही नाही.

बाहेर येऊन आई माझ्यावर उखडली. "हासली असती तर काय गेलं असतं वं तुयं? पेपराहून मोठं हाय का ते? तुया बाप राख गिळून राहिला, कायच्यासाठी?"

"आई, त्या कुबड्यायले निळा रंग देला होता."

 आईने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. मग ऑफिसच्या दारातच फरशीवर बसली. "बस इथंच. पाहू कोण देत नाही."

बसलो. शिपाई, क्लार्क, बाई आम्हाला ओलांडून ये-जा करत होते. श्रुतीही गेली, मैत्रिणीच्या कानात कुजबुजत. कोणीतरी विचारलं, "भीक मागताय का?" आई म्हणाली, "नाही. आमचंच हाय, घ्याले आलो." शाळा सुटताना क्लार्कने हॉल तिकीट माझ्या पायाशी टाकलं. मी उचललं. माफी मागितली नाही. पेपर दिले. पासही झाले, त्यांना आवडलं नसेल इतक्या मार्कांनी.

आता मी पन्नाशीला टेकले. लग्न असो की बारसं, लोक मला गराडा घालून हसतात. गेल्या महिन्यात श्रुतीचा फोन आला. जुन्या बॅचचं संमेलन आहे, शाळेच्याच हॉलमध्ये.

"तू पाहिजेस. तुझ्याशिवाय मजाच नाही. आणि ते जुनं विसर आता. लहान होतो गं आपण."

"कुबड्या कोणी केल्या होत्या?"

 "मी एकटीने थोड्याच केल्या?"

इतकी वर्षं मला कर्ता माहीत नव्हता. आता माहीत आहे.

मी तिला सांगितलं, "त्याच स्टेजवर उभी राहा. माइक चालू ठेव. बाकीच्यांची नावं घे, आधी तुझं घे. ज्या दिवशी घेशील त्या दिवशी मी येईन, पहिल्या रांगेत बसेन. आणि तेव्हाही हसणार नाही."