सोन्याची सुई आणि मोठ्या आईच्या शिव्या

गेलेल्या माणसावर लिहायचं म्हणजे पुढं काय येणार ते तुम्हाला ठाऊकच आहे. ती किती सोशिक होती, दुखलं तरी कशी हसायची, तोंडातून कधी ब्र निघाला नाही... तर मंडळी, तो माल शेजारच्या दुकानात मिळेल. आमची मोठी आई तोंडाची फटकळ होती. सुईच्या दिवशी तिच्या शिव्या पार तिगाव स्टेशनापर्यंत जायच्या. निदान लोकांचा तसा समज होता.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, मोठ्या बाबांची बायको. तिला जाऊन महिना होऊन राहिला. मी कॉलेजात सौंसरला. त्या दिवशी बसस्टँडवर दोस्तांना कंडक्टरची नक्कल करून दाखवत होतो. गावचा शंकर बसमधून उतरला अन् म्हणाला, "तुही मोठी आई गेली." मी कंडक्टरच्याच आवाजात म्हटलं, "कुठं गेली? तिकीट काढलं का?" शंकर हसला नाही. पिशवीचं तोंड नुसतं पिळत उभा राहिला... तेव्हा समजलं. छातीत कफ झाला होता, अन् दवाखान्यात नेईपर्यंत सारं आटोपलं होतं.

तिला आमवात होता. सकाळी बोटं अशी आखडायची की वेणी घालता यायची नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दर हप्त्याला सोन्याचं इंजेक्शन लिहून दिलं. सोन्याचं म्हणजे खरंच, त्या औषधातच सोनं. गावात बोभाटा झाला. शेजारची कमलाबाई मुद्दाम पाहायला आली. "काहो बाई, अंगावर तं काही दिसून नाही राहिलं." मोठी आई म्हणे, "आत हाय. चोराची भीती नाही." पण ते सोनं भारी दुखायचं. मांडीला गाठ यायची, दुसऱ्या दिवशी सांधे आणखी ठणकायचे. आणि टोचणारा कंपाउंडर पांढुर्ण्याला. सुजलेल्या गुडघ्यांनी बसच्या पायऱ्या चढणं हीच एक वेगळी शिक्षा. मोठ्या बाबांनी एकदा हिंमत केली. माणूस बैलाला सुई टोचणारा, पण तिच्या मांडीजवळ हात नेला अन् स्वतःच भुईवर आडवा झाला. तोंडावर पाणी मारलं ते तिनंच.

"राहू द्या. मीच घेतो टोचून," ती म्हणाली. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी तिला संत्र्यावर शिकवलं. संत्र्याची साल अन् आपली कातडी, सुईला सारखीच लागते म्हणे. संत्र्यांना आमच्याकडे काय तोटा? ती दिवसभर बसून पाण्याच्या सुया टोचत राहायची. एकदा तिच्या लेकीचे, सुनीताताईचे सासरे आले. त्यांनी टोपलीतलं संत्रं सोललं, फाक तोंडात टाकली अन् तोंड वाकडं केलं. "यंदा तुमच्या बगीच्याचा माल पानचट हाय, व्याही." मोठी आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. त्या गुडघ्यांवर पळाली, हे विशेष.

पण संत्रं ओरडत नाही... काचेची पिचकारी चुलीवर गंजातल्या पाण्यात उकळून तिनं पहिल्यांदा स्वतःच्या मांडीत सुई घातली, तर अंगठ्यानं दट्ट्याच दाबला जाईना. मग तळहातानं दाबायला लागली. कळ आली की ती शिवी हासडायची, शिवी हासडली की हात हलायचा, अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक दिवस तिनं पिचकारी खाली ठेवली. "हे जमलं नाही तं मी लोळागोळा होऊन पडीन रे. मंग मले घास कोन भरवन? हे?" बाहेर गोठ्याकडे तोंड करून बसलेल्या मोठ्या बाबांकडे तिनं हनुवटी केली. सुईच्या वेळी ते तिथंच जाऊन बसायचे. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू साऱ्या गावाच्या नकला करतं ना? माही कर. मी चूप बसून दाबतो. तू माह्या वाटचं बोंबल."

मी बोंबललो. "अरे मेल्या डागदरा, तुह्या मांडीत खुटा ठोकीन! तुह्या सोन्याले आग लागो!" अगदी तिचाच आवाज, तिचाच हेल. ती काचेवर नजर लावून, नाकानं श्वास घेत, हळूहळू दाबत राहिली. कपाळावरून घाम निघून नाकाच्या टोकावर थांबायचा, पण हात हलला नाही. सुई बाहेर निघाल्यावर म्हणाली, "खुटा जास्त झाला. मी अशी बोलतो का?" मग दर हप्त्याला आमचं हेच; कॉलेजात गेल्यावरही सुईच्या दिवशी मी घरी असायचो. मी एकदा विचारलं, मोठ्या बाबांना सांगू का? "नको," ती म्हणाली. "बाई बोंबलून राहिली म्हंजे बरी हाय, असं वाटते मानसाले. चूप बसली का जीव घाबरते त्याईचा."

बोटं काही सरळ झाली नाहीत. पण वेणी तिची तिनंच घातली, अन् शेवटपर्यंत आपल्या हातानं जेवली.

तेरवी झाली, पाहुणे गेले. सुनीताताई सासरी, लोधीखेड्याला परत जायला निघाली होती. बॅग भरता भरता माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "एकदा तिच्या आवाजात मले शिव्या दे ना रे..." मी दिल्या. सुईच्या दिवसाच्याच दिल्या, तेवढ्याच जोरात. ताई हसायला लागली, अन् हसता हसता भिंतीला टेकली.

तेवढ्यात मोठे बाबा धावत आले. एका पायात चप्पल, दुसरा पाय शेणाचा. त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू होता?"

"हो, मोठे बाबा."

"सुईच्या दिवशी बी?"

"हो."

"अन् ती?"

"ती चूप राहायची. दट्ट्या दाबायची."

ते खाटेवर बसले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. अन् मग ते असे खवळले की ताई दाराआड गेली.

"अबे गधड्या! नालायका! सांगता येत नोहतं तुले? ती इथं चूपचाप सहन करून राहिली होती, अन् मी तिकडं गोठ्यात, बैलाच्या गळ्यात पडून, तुह्या बोंबलन्यावर रडत होतो!"