मापाचा शर्ट

त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही. खांदे आठवतात, पाठ आठवते, उजवा दंड डाव्यापेक्षा थोडा जाड होता हेसुद्धा आठवतं. शिंप्याच्या घरात वाढलेल्या बाईच्या लक्षात माणसं अशीच राहतात, तुकड्यातुकड्यांनी. पण चेहरा म्हणून डोळ्यांसमोर आणायला गेलं की तिथे मिरजगावच्या माळावरचं ऊन येतं, आणि त्या उन्हात काहीतरी निळं हलताना दिसतं.

दुष्काळाचे दिवस होते. पाऊस नाही म्हणून गाव रडत होतं आणि पाऊस नाही म्हणूनच सिनेमावाले आमच्याकडे आले होते. त्यांच्या तरुण दिग्दर्शकाला रंगीत चित्रपटासाठी उजाड माळ हवा होता. तो म्हणे मुंबईहून निघाला आणि नगर ओलांडून कर्जतच्या बाजूला येईपर्यंत त्याचं कुठेच मन भरलं नाही. आमच्या माळावर उतरल्यावर मात्र तो हरखून गेला. आबा म्हणाले, "घ्या! आपल्या फुफाट्यालाबी गिऱ्हाईक मिळालं."

आबा म्हणजे माझे वडील, गावचे टेलर मास्तर. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कात्री अजून हातात बसे, पण टेपवरचा आकडा दिसत नसे. मशीनवर मी बसायची. मी सासरहून परत आलेली होते, का आणि कशी ते इथे नको. मी परक्या पुरुषाच्या छातीभोवती टेप धरणं गावाला चाललं नसतं आणि मलाही धीर झाला नसता. म्हणून आमच्या दुकानाचा रिवाजच पडला होता. शिवायला येताना अंगावर नीट बसणारा जुना शर्ट आणायचा. त्याला आम्ही मापाचा शर्ट म्हणायचो. तो उलटा करून, शिवणीला शिवण लावून मी नवा बेतायची. सहसा चूक होत नसे, कारण माणूस एक वेळ खोटं बोलेल, जुना शर्ट बोलत नाही, असा माझा समज होता.

सिनेमावाल्यांचा शिंपी तापाने आजारी पडून परत गेला, तेव्हा त्यांचा एक माणूस आमच्या ओट्यावर आला. हातात गडद निळं, जरा चमक असलेलं कापड आणि एक जुना शर्ट. "याच मापाचे दोन शिवा," तो म्हणाला. "एक साहेबांना आणि एक त्यांच्या डुप्लिकेटला. दोघांचं माप एकच."

साहेब म्हणजे त्या चित्रपटाचे नायक, आणि ते कोण हे कळल्यावर मी चालू मशीन थांबवली. लहानपणी यात्रेत सिनेमाचा तंबू यायचा. बायकांच्या बाजूला, आईच्या मांडीला टेकून मी त्या साहेबांना पाहिलं होतं. वाऱ्याने पडदा फुगला की त्यांची छातीही फुगायची आणि पडदा आत गेला की ते हडकुळे व्हायचे. एकदा त्यांनी किल्ल्याच्या तटावरून खाली झेप घेतली. मी डोळे मिटून आईचा हात असा आवळला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. ते उठून उभे राहिले, मिशीवरची धूळ झटकली आणि हसले. मग कितीतरी दिवस मी रानात, विहिरीवर, कुठेही उंच जागा दिसली की तिथून ते उडी घेताना पाहत असे.

तर तो शर्ट मी उलटा केला. कॉलरच्या आत रंगाचा थर, तोंडाला लावायच्या रंगाचा. पण दोन्ही कोपरांना रफू, पाठीला रफू, डाव्या बगलेत जाड दोऱ्याचे पुरुषी टाके. तोंडाला रंग लावणारा माणूस पाठीवर कशाला पडेल? एकाच शर्टात दोन माणसं राहून गेली होती, हे मला तिथेच समजलं. एक गोष्ट मात्र समजली नाही. शर्ट कमरेला चांगलाच बारीक होता आणि कापड पंधराएक वर्षांपूर्वीचं होतं. मला शंका यायला हवी होती. पण तंबूतला माणूस माझ्यासाठी तेवढ्याच वयाचा राहिला होता, म्हणून मी मन लावून दोन शर्ट शिवले. आजवर तसं शिवण माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं अंगणात आले. बरोबर तो दिग्दर्शकही होता. मी दाराच्या आत उभी होते. साहेबांचे केस काळेभोर होते, नको तितके काळे. गालावरची कातडी सैल पडली होती आणि पोट पुढे आलं होतं. त्यांनी शर्ट अंगात घातला. वरची दोन बटणं लागली, तिसरं लागलं नाही. त्यांनी श्वास आत ओढून धरला, तरी लागलं नाही. जुना शर्ट मापाला त्यांनीच दिला होता. आपण त्यात मावू असं त्यांना मनापासून वाटलं असेल का कोण जाणे! मला तेव्हा त्यांचा राग आला आणि लगेच रडूही आलं.

शेजारी त्यांच्या डुप्लिकेटने दुसरा शर्ट घातला. तो त्याच्या अंगावर असा बसला की माझी मीच खूश झाले. तेवढ्यात आबा काठी टेकत ओट्यावर आले. अंधुक नजरेने त्यांनी अंगणात पाहिलं आणि थेट डुप्लिकेटकडे तोंड करून हात जोडले. "वाह, सायेब! तंबूत दिसायचे तसंच हायेत की अजून! तुमाला वय लागलंच न्हाई!"

डुप्लिकेट चटकन बाजूला झाला. "मी न्हवं, मास्तर. सायेब तिकडं हायेत."

साहेब मोठ्याने हसले. नटाचं हसू ते, तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं. मग ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. टंचाईची त्यांना कल्पना असावी, कारण अर्धा पिऊन त्यांनी तो परत केला. "शर्ट फार छान शिवलाय, बाई," ते मला म्हणाले. "चूक शर्टाची नाही." दिग्दर्शक मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो डोळे बारीक करून डुप्लिकेटभोवती फिरत होता.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. त्या चित्रपटात साहेबांची दोन वयं होती, म्हातारपण आणि तरुणपण. तरुणपण म्हणजे घोड्यावरून येणं, ओढ्यावरून झेप, मग उतरून कॅमेऱ्याकडे बघणं. ते आता डुप्लिकेटने करायचं, तोंडासकट. रंगीत पडद्यावर सुरकुती लपत नाही, दिग्दर्शक म्हणाला होता. साहेबांकडे उरली खाटेवर खोकायची कामं. आबा दिवसभर कपाळाला हात लावून बसले. "माझ्या डोळ्यांनी घात केला गं," एवढंच म्हणत राहिले.

उन्हं कलल्यावर डुप्लिकेट एकटाच आला. काखेत दोन्ही निळे शर्ट. ओट्याच्या कडेला बसला आणि त्याने माळाकडे पाहिलं. तिथे मृगजळ हलत होतं, सबंध तळं भरल्यासारखं.

"ताई, एक काम हुतं. सायबांचा शर्ट मोठा करायचा."

"कापड कुठंय?" मी म्हटलं. खरंच चिंधीसुद्धा उरली नव्हती आणि तो रंग नगरच्या बाजारातही मिळाला नसता.

त्याने दुसरा शर्ट माझ्यापुढे ठेवला. "माझा फाडा."

मला आधी नीट कळलंच नाही. मग त्याने समजावून सांगितलं. घोडा उद्याचा दिवसच हाताशी होता, परवा तो त्याच्या मालकाकडे जाणार. शर्ट एकच उरला, तो साहेबांच्या अंगाला बसला आणि जवळून त्याच्या अंगावर सैल दिसला, तर तोंडाचं काम साहेबांनाच द्यावं लागेल. झेप त्याची, पाठमोरी, नेहमीसारखी. "मी नुसतं नगं म्हनलो, तर त्यो डायरेक्टर दुसरा तरणा गडी धरून आनंल. मग सायबांचं संपलंच. माझा शर्ट तालमीत फाटला म्हनून सांगीन. आमची कापडं फाटत्यातच."

मी कात्री उचलली नाही. मला तो मूर्खपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "आहो, तुमचं तोंड दिसंल पडद्यावर! इतकी वर्षं हाडं मोडून घेतलीत, आन् आता देवानं दिलंय तर लाथाडताय?"

"हाडं मोडली ती कुनाची, ताई?" तो हसला. "लोकांच्या मनात ती सायबांनीच मोडल्यात. माझं तोंड एकदा दिसलं, की लोक म्हनतील, अरे, त्या तटावरून पडला त्योबी ह्योच असनार. मग सायबांच्या समद्या उड्या खोट्या पडतील. माझ्याबी पडतील. मी त्यांच्या नावानं मारल्यात त्या."

तटाचं नाव निघालं आणि माझ्या तळव्याला बांगडीचा वळ पुन्हा जाणवला. मी त्याला सगळं सांगितलं. तंबू, आईचा हात, मिटलेले डोळे.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तो पूर्ण चेहरा माझ्यासमोर होता, आणि तोच मला आज आठवत नाही.

"भ्याली हुतीस?" त्याने विचारलं. अहोजाहो सुटलं होतं.

"लई."

"मग झालं की," तो म्हणाला. "आनखी काय पायजे?"

मी कात्री घेतली. स्वतःच्या हातचं इतकं चांगलं शिवण उसवताना जीव जात होता. त्याच्या शर्टाच्या पाठीतून दोन लांब पट्ट्या काढल्या आणि साहेबांच्या शर्टाला दोन्ही बगलांपासून खाली घातल्या. डावीकडची पट्टी घाईत आडव्या धाग्याची कापली गेली. उजेड पडला की तिची चमक जरा वेगळी दिसायची. ती बदलायला कापड नव्हतं. मध्येच एकदा तो म्हणाला, "सायबांना सांगू नगंस." मी आजवर सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव माळावर लोटलं. दुष्काळी कामावरच्या बाया टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. दिग्दर्शक फाटलेल्या शर्टावरून ओरडला, मग घोड्याकडे बघून निमूट झाला. साहेब घोड्यावर बसले, पुढे आले, उतरले आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. बटणं सगळी लागली होती. क्षणभर, खोटं का सांगू, मला तंबूतले साहेब दिसले.

मग जे झालं ते मी स्वप्नात कितीदा पाहिलंय. साहेबांनी उन्हात उभं राहून शर्ट काढला. डुप्लिकेट उघड्या अंगाने समोर हात पसरून उभा होता. साहेबांनी तो घामाने ओला, उबदार शर्ट स्वतःच्या हाताने त्याच्या अंगात चढवला, एकेक बटण लावलं, कॉलर सारखी केली. दिग्दर्शक घाई करत होता, पण त्या दोघांना ऐकू जात नसावं. वर्षानुवर्षं ते असंच करत आले असणार. शेवटी साहेबांनी डाव्या बगलेखालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. तिथेच थांबले. डुप्लिकेटच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांना कळलं होतं.

घोडा सुटला. सैल शर्टात वारा भरला आणि तो बारीक माणूस साहेबांइतका रुंद झाला. ओढ्यावरून झेप गेली. पलीकडे धुरळ्यात घोडा दिसला, माणूस दिसला नाही. साहेब धावले. इतके जाड असून इतके जोरात. डुप्लिकेट खाली पडला होता, पण उठला, लंगडत. साहेबांनी त्याला धरून आणलं. दोघंही हसत होते.

ते लोक गेले. मापाचा जुना शर्ट आमच्याकडेच राहिला. कुणी न्यायला आलं नाही, आणि तो कुणाला हवा असेल असं मलाही वाटलं नाही.

पुढे पाऊस झाला, यात्रा पुन्हा भरली आणि तंबूत तो चित्रपट लागला. मी आबांना घेऊन गेले. त्यांना तोवर पडदा म्हणजे नुसता उजेड झाला होता. साहेब कॅमेऱ्याकडे पाहतात तिथे तंबूत शिट्ट्या पडल्या. मग घोडा पाठमोरा धावू लागला. निळ्या पाठीवर, डाव्या बगलेखाली, एक पट्टी चमकली. सबंध तंबूत ती मला एकटीलाच दिसली असेल. झेप गेली, धुरळा उडाला आणि टापांचा आवाज थांबला. आबांनी अंधारात माझा हात चाचपडून घट्ट धरला.

"सायेब पडलं का गं?"

मी त्यांचा हात दाबला.

"न्हाई, आबा," मी म्हटलं. "सायेब कधी पडलेत व्हय?"